उघाडीचं वळण

आखातातून कायमचं परत आलेल्या माणसाने काय करावं, याबद्दल पनवेलच्या मोहल्ल्यात एकमत आहे. आधी घराला बाहेरून टाइल्स लावाव्यात, त्याही अशा की दुपारच्या उन्हात समोरच्याला डोळ्यांवर हात धरावा लागेल. मग हजला जाऊन यावं. मग एखादं दुकान काढावं, अत्तराचं किंवा मोबाइलचं. ते चालायलाच हवं अशी सक्ती नाही. उरलेलं आयुष्य मशिदीसमोरच्या ओट्यावर बसून ‘आमच्या बहरीनला असं नसायचं’ हे वाक्य लोकांना ऐकवण्यात घालवावं.

दोन हजार नऊ साली बहरीनहून परत आलेल्या खलील बुबेरेंनी यातल्या फक्त टाइल्स लावल्या. मग ते घरात शिरले आणि संगणकासमोर जाऊन बसले.

संगणक त्यांच्या मुलीने, यूम्नाने आणून दिला होता. ती खारघरला एका कंपनीत होती. अब्बांना घरी करमावं, त्यांनी बहरीनच्या दोस्तांशी बोलावं, एवढाच तिचा हेतू. पण खलीलभाईंच्या हाताला लागला मोटारींच्या शर्यतीचा खेळ. त्याला खेळ म्हटलेलं खेळणाऱ्यांना चालत नाही. ते त्याला सिम्युलेटर म्हणतात. महिन्याभरात जेवणाच्या टेबलाला एक स्टिअरिंग घट्ट आवळलं गेलं, टेबलाखाली ब्रेक-अॅक्सिलरेटरच्या पायपट्ट्या आल्या, आणि आसियाभाभी ताटं घेऊन सोफ्यावर गेल्या.

“पंचावन्न वर्षांचे झालात,” त्या म्हणाल्या. “लोकांचे नवरे या वयात तसबीहची माळ धरतात.”

“मीही गोलच फिरवतोय,” खलीलभाई म्हणाले.

यातली खरी गंमत अशी की खलीलभाईंना गाडी चालवता येत नव्हती. बहरीनमध्ये ते रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत मोजणीच्या कामावर होते. अर्ध्या देशाच्या रस्त्यांचे चढउतार त्यांनी मोजले, आणि त्याच रस्त्यांवर वाहन परवान्याच्या परीक्षेत ते इतक्या वेळा नापास झाले की परीक्षक ईदला आठवणीने मुबारकबाद द्यायचा. सिम्युलेटरमध्येही पहिल्या वळणाला त्यांची गाडी गवतात जायची. पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. ते गवत बघत बसायचे. जगभरातल्या हौशी लोकांनी बंद पडलेल्या, नांगरलेल्या, बाजार होऊन गेलेल्या शर्यतींच्या वाटा जुन्या फोटोंवरून संगणकात परत उभ्या केल्या होत्या. कुंपण, झाडं, रस्त्याचा उतार, सगळं जागच्या जागी. खलीलभाईंना वाटलं, आयुष्यभर आपण जे होणार ते मोजलं. जे गेलं ते मोजणारेही लोक आहेत तर.

या हौशी मंडळींची एक ऑनलाइन बैठक होती. तिला ते फोरम म्हणत. तिथे खलीलभाईंनी एक दिवस लिहिलं, की आमच्या पनवेलजवळही अशी शर्यत व्हायची. वावळेखार नावाच्या गावात, मिठागरांच्या भोवती. मी लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली आहे.

फोरमवरचे सर्वात मोठे जाणकार म्हणजे बेल्जियममधले एक निवृत्त पोस्टमन. त्यांनी फार सौजन्याने उत्तर दिलं. त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या शर्यतींचा कोश होता आणि त्यात हे गाव नव्हतं. बालपणीच्या आठवणी अनेकदा फसव्या असतात, असंही त्यांनी हळुवारपणे समजावलं, आणि खाली एक हसरा चेहरा काढला.

तो हसरा चेहरा खलीलभाईंना झोंबला. त्यांचे वडील हसनमिया त्या शर्यतीत गोटीसोडा विकायचे. म्हणजे बेल्जियमच्या हिशेबाने हसनमियांनी तो सोडा कोणाला विकला? मिठाच्या ढिगाऱ्यांना?

“मी बनवतो,” त्यांनी आसियाभाभींना सांगितलं.

“काय?”

“वावळेखार.”

“आहे की ते. रिक्षा जाते तिथे.”

“आत्ताचं नाही गं. चौसष्ट सालचं.”

आसियाभाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर रिपोर्टकडे पाहतो.

पहिली चक्कर झाली मुंबईच्या मोटर क्लबात. शर्यत भरवणारे साहेब लोक याच क्लबाचे. सेक्रेटरींनी चहा दिला, साठ सालापासूनचं दप्तर वाळवीने खाल्लं असं अभिमानाने सांगितलं आणि सभासद होण्याचा फॉर्म पुढे केला. भिंतीवर वावळेखारचा एकच फोटो होता. त्यात क्लबाच्या अध्यक्षांची हॅट होती, अध्यक्षांच्या पत्नीची हॅट होती, गाडीचं एक चाक होतं आणि रस्ता अजिबात नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘अपरिहार्य नैसर्गिक कारणांमुळे ही शर्यत पुढे बंद करावी लागली.’

तेव्हा जागेवर जाऊन मोजण्याला पर्याय उरला नाही. खलीलभाईंनी लांब टेप घेतला, बहरीनहून आणलेली लेव्हलची दुर्बीण घेतली, उन्हाची टोपी घातली आणि वावळेखारच्या बांधावर जाऊन उभे राहिले. या भागात ज्याने दहा वर्षं काढली आहेत, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. पनवेल-उरणच्या गावांत तुम्ही वाघ घेऊन फिरलात तर लोक फोटो काढतील. मोजणीची दुर्बीण घेऊन फिरलात तर गाव गोळा होतं. इथे दुर्बीण येते, मग नोटीस येते, मग भातशेतीचं नाव सेक्टर होतं.

अर्ध्या तासात चाळीसेक माणसं जमली आणि त्यांच्यामागून महादेवशेटची पांढरी गाडी आली. महादेवशेट म्हणजे गावचे पुढारी. बाप मीठ पिकवायचा, मुलगा इमारती पिकवत होता. पांढरे कपडे, पांढरे बूट.

“कंच्या डिपार्टमेंटचा तू?”

“कुठल्याच नाही. मी पनवेलचाच, खलील बुबेरे. गेम बनवतोय.”

महादेवशेटच्या मागची दोन माणसं पुढे सरकली. “गेम? कुनाचा गेम?”

खलीलभाईंनी घाईघाईने खुलासा केला. संगणकाचा खेळ. जुनी शर्यत. ओळखीसाठी वडिलांचं नाव सांगितलं, सोड्याची हातगाडी सांगितली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग महादेवशेट हळूहळू हसले.

“समजला. मंजे आता सरकार गेम बोलून मोजनी करतं.”

“अहो, सरकार नाही. मी एकटाच आहे.”

“पंचावन्न वर्साचा मानूस खेळासाठी उनात टेप धरून उभा हाय? आमी काय मीठ खातो, की नुसतं पिकवतो?”

खलीलभाई जितकं खरं सांगत गेले तितका गावाचा संशय पक्का होत गेला. शेवटी गावकऱ्यांनी मोजू दिलं, ते एवढ्यासाठीच, की सरकारी माणसाला हाकलण्यापेक्षा ओळखीत ठेवलेला बरा. दुसऱ्या खेपेला त्यांच्यासाठी खुर्ची आली. तिसऱ्या खेपेला सुके बोंबील बांधून दिले गेले. आणि मग विनंत्या सुरू झाल्या.

एकाला आपली विहीर नकाशात हवी होती. एकाला आपलं घर चौसष्ट सालीच सिमेंटचं होतं असं दाखवायचं होतं. खरं तर चौसष्ट साली त्याचा बापही पक्का नव्हता. एकाने रस्ता जरासा डावीकडे घ्यायला सांगितला, म्हणजे भावाचं आवार रस्त्यात जाईल आणि त्याचं वाचेल. खलीलभाई हात जोडून सांगत, की या खेळात कोणाला काही मिळणार नाही, जाणारही नाही. लोक डोळा मारून म्हणत, “बरोबर हाय, उघड नाय बोलायचा.” महादेवशेटनी तर सभेत जाहीर केलं, की वावळेखारला जागतिक दर्जाचा वारसा आहे, आमच्या पूर्वजांनी विलायती खेळाडूंचं प्रेमाने स्वागत केलं होतं, आणि खलीलभाईंच्या रूपाने आता जग आमची दखल घेत आहे. जग म्हणजे तेव्हा बेल्जियमचे पोस्टमन, आणि तेही साशंक.

या सगळ्यात काम मात्र पुढे सरकत होतं. बांध होता तसा उभा राहिला, मिठाचे पांढरे ढीग चढले, गावठाणातली कौलं बसली. शेवटचं वळण खाडीच्या कडेने होतं. साहेब लोक त्याला काहीतरी इंग्रजी नाव देत. खलीलभाईंनी तिथे बांधाची अखंड रेघ ओढली आणि मोठ्या अपेक्षेने त्याचं छापलेलं चित्र गावात आणलं.

चित्र हातोहात फिरलं. सगळ्यांनी आपापली घरं शोधली आणि ती लहान आल्याबद्दल नाराजी व्यक्त केली. महादेवशेटच्या ओटीवर त्यांची थोरली बहीण चंद्रावती चिंबोऱ्या साफ करत बसली होती. पासष्टीला टेकलेली, अंगाने काटकुळी. तिने हात पुसले, चित्र उलटसुलट केलं आणि म्हणाली, “उघाडी कुठं हाय?”

“कसली उघाडी, चंद्राबाय?”

“बांधाला उघाडी नसंल तर पानी कसं जाईल बाहेर? हितं दार होतं, लाकडाचं. ओहोटीला उघडायचं, पावसाचं पानी सोडायचं. भरतीला बंद. तू सोडावाल्या हसनचा पोर ना? तुज्या बापाची गाडी उघाडीजवळच उभी असायची. तवा तू काय बघत होतास?”

“गाड्या,” खलीलभाई म्हणाले.

“हां. पुरुस मानसं गाड्याच बघत होती.”

महादेवशेट घाईने म्हणाले, “चंद्रे, जाऊ दे ते जुनं.”

“का जाऊ दे? तू बोलतोस ना सभेत, आमी स्वागत केलं. मंग मी बी सांगते कसं केलं.”

आणि चिंबोऱ्यांचं पातेलं बाजूला सारून तिने सांगितलं.

शर्यत तीन वर्षं झाली होती. शर्यतीच्या दिवशी सकाळपासून रस्ता बंद. मीठ वाहणाऱ्या बायांनी पलीकडे जायचं नाही, पाण्याला जायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. त्रेसष्ट सालच्या शर्यतीच्या दिवशी चंद्रावतीच्या थोरल्या भावाची बायको जनी अडली. सुईणीने हात टेकले. बैलगाडीत घालून तिला पनवेलच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. वळणावर झेंडा घेतलेला एक साहेब उभा होता. त्याने गाडी थांबवली. तो वाईट माणूस नव्हता, चंद्रावती म्हणाली. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. फक्त शर्यत संपेपर्यंत थांबा म्हणाला. शर्यत बराच वेळ चालली. बैलगाडी उन्हात उभी राहिली आणि समोरून गाड्या जात राहिल्या.

“जनी थितंच गेली,” चंद्रावती म्हणाली. “पोर बी गेलं. झेंडेवाल्या सायबानं टोपी काढली. मंग पुन्ना घातली. शर्यत चालू होती ना.”

 आपलं घर लहान आलं म्हणून कुरकुरणारा माणूस चित्राची घडी घालत बसला.

“पुरुसांनी मीटिंगा घेतल्या,” ती म्हणाली. “सायबाला अर्ज केला. सायबानं उत्तर धाडलं, फार वाईट वाटलं. पुढल्या साली परत गाड्या आल्या. त्या दिशी अवस होती. अवसेचं उधाण, दुपारचं. आमी सात-आठ बाया गेलो. गोदू होती, मी होते, जनीची आई होती. मी पोरगी होते तवा, सोळा-सतराची. गाड्या आल्या, मानसं बसली, बाजा वाजला. आन आमी उघाडी उघडली.”

खाडी आत आली. आधी रस्त्याच्या कडेने, मग रस्त्यावरून. विलायती गाड्या ओळीने खाऱ्या पाण्यात उभ्या राहिल्या. अध्यक्षांच्या पत्नीची हॅट वाहत गेली ती पार गावदेवीच्या देवळापर्यंत. नंतर कधी कोणी साहेब शर्यत घेऊन वावळेखारला आला नाही.

“आणि तुमची मिठागरं?” खलीलभाईंनी विचारलं.

“ती बी गेली त्या साली. सगळं मीठ पान्यात. बाप माझ्याशी पावसाळ्यापर्यंत बोलला नाय.” तिने पातेलं परत पुढे ओढलं. “तरी कंदी वाटलं नाय की नको करायला होतं.”

महादेवशेट आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत होते. तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असतील. त्यांना सगळं माहीत होतं. फक्त सभेत सांगण्यासारखं ते त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खलीलभाई त्या दिवशी घरी आले ते संगणक न लावताच टेबलापाशी बसले. त्यांना तो दिवस आठवत होता. पाणी आठवत होतं. लोक ओरडत पळाले, वडिलांनी त्यांना हातगाडीवर बसवलं, सोड्याच्या बाटल्या तरंगत गेल्या. सगळं आयुष्य त्यांनी ती गंमत म्हणून सांगितली होती. बहरीनच्या खोलीत त्यावर दरवेळी हशा पिकायचा.

“काय झालं?” आसियाभाभींनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. भाभी ताट हातात धरून ऐकत राहिल्या. मग पहिल्यांदाच त्या टेबलाजवळ खुर्ची ओढून, पडद्यासमोर बसल्या. “कुठे उभी होती ती बैलगाडी?” त्यांनी विचारलं. “दाखवा.”

दोन हजार तेराच्या हिवाळ्यात वावळेखार तयार झालं. खलीलभाईंनी ते दोन रूपांत केलं. एक त्रेसष्टचं, कोरडं. दुसरं चौसष्टचं, ज्यात अर्ध्या शर्यतीत उघाडीच्या वळणाला पाणी चढतं आणि कोणतीही गाडी कितीही कुशलतेने चालवली तरी बंद पडते.

फोरमवर कोरड्या वावळेखारचं कौतुक झालं. पोस्टमननी मोठ्या मनाने आपल्या कोशात नवी नोंद केली, गावाचं नाव चुकवून. चौसष्टच्या रूपाबद्दल मात्र तक्रारींचा पाऊस पडला. ‘पाण्यात गाडी बंद पडते, हा दोष दुरुस्त करावा.’ ‘शर्यत पूर्ण करता येत नाही.’ खलीलभाई प्रत्येकाला एकच उत्तर देत: ‘दोष नाही. असंच झालं होतं.’ कोशात मात्र शर्यत बंद होण्याचं कारण ‘मान्सूनचा पूर’ असंच पडलं. शर्यती जानेवारीत होत, हे खलीलभाईंनी कळवलं. पोस्टमननी छापील पुरावा मागितला. खलीलभाईंनी चंद्रावतीचं नाव लिहिलं. पोस्टमन म्हणाले, या बाई कुठल्या वृत्तपत्रात लिहितात?

गावात उद्घाटन झालं. महादेवशेटनी मंडप घातला, बॅनर लावला. त्यावर सर्वात मोठा फोटो महादेवशेटचा, त्याहून लहान गावदेवीचा, आणि कोपऱ्यात एक मोटार, जी खलीलभाईंनी बनवलेली नव्हती. भाषणात शेटनी आपल्या नव्या इमारतीचं नाव ‘ग्रांप्री हाइट्स’ ठेवल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग ते थांबले. कागद खिशात ठेवला.

“माझी एक वैनी होती,” ते म्हणाले. “जनी नाव होतं तिचं.”  ते खाली बसले. महादेवशेटच्या राजकीय कारकिर्दीतलं हे सर्वात छोटं आणि बहुधा एकमेव खरं भाषण.

चंद्रावतीला स्टिअरिंगसमोर बसवलं. तिने ते दोन्ही हातांनी पाटीसारखं धरलं. खलीलभाईंनी पायपट्टी दाखवली. गाडी हळूहळू निघाली, मिठाच्या ढिगांमधून, गावठाणाच्या कौलांखालून. “आमचं घर,” ती पुटपुटली. “रमाकाकूचं घर. चिंचेचं झाड उलट्या बाजूला लावलंस मेल्या.” खाडीच्या वळणावर लाकडी दार दिसलं आणि तिने पाय काढला. गाडी थांबली.

“उतरायचं कसं?”

“यात उतरता येत नाही, चंद्राबाय. फक्त चालवता येतं.”

तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. “मंग हे बी सायबासारकंच झालं. गाडीत बसून बघायचं.”

मंडपातले लोक हसले. खलीलभाई हसले नाहीत. त्यांनी एक चांगला टोमणा बऱ्याच वर्षांनी खाल्ला होता आणि तो त्यांना पटला होता.

पुढची तीन-चार वर्षं ते त्या टोमण्यावरच काम करत राहिले. रस्ता झाला होता, आता माणसं. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, उघाडीपाशी बांधावर उभ्या सात-आठ जणी, झेंडेवाला साहेब, रस्ता उघडायची वाट बघत अडकलेली गुरं, सोड्याची हातगाडी. बैलगाडीही त्यांनी केली. तिच्यावर त्यांनी गोणपाट घातलं, कारण आत कोण आहे ते काढायला त्यांचा हात धजेना. चंद्रावती अधूनमधून पनवेलला यायची, आसियाभाभींच्या हातची सांदणं खायची, आणि पडद्याकडे बोट दाखवून सांगायची: गोदूचा पदर हिरवा होता, जनीची आई लंगडत चालायची. दुकान न काढल्याबद्दल मोहल्ल्याने खलीलभाईंना अजून माफ केलेलं नव्हतं. ओट्यावर त्यांचा उल्लेख ‘तो गेमवाला’ असा होई.

दरम्यान खऱ्या वावळेखारवर भराव पडला. दुर्बिणी आल्या, या वेळी खऱ्याखुऱ्या. गावकऱ्यांनी त्यांना खुर्च्या दिल्या नाहीत.

फोरमवरच्या लोकांनी नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि ताबडतोब नाराज झाले. एवढी माणसं रस्त्याकडेला उभी केल्यामुळे खेळ अडखळत होता, गाड्या धक्के खात पुढे जात होत्या. विक्रमी वेळ नोंदवणं अशक्य झालं होतं. पोस्टमननी स्वतः लिहिलं: ‘प्रिय मित्रा, काम अद्भुत आहे. पण प्रेक्षक थोडे कमी करता येतील का? निदान त्या बांधावरच्या बायका?’

खलीलभाईंनी चष्मा पुसला आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं.

‘त्या प्रेक्षक नाहीत,’ त्यांनी लिहिलं, आणि चिंचेचं झाड रस्त्याच्या योग्य बाजूला हलवायच्या कामाला लागले.